उलट्या वर्गाची सुरुवात कॅमेऱ्यापासून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्यांना ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणजेच उलटा वर्ग सुरू करायला सांगितले की बऱ्याचदा आधी ट्रायपॉड येतो, मग माइक येतो आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेत रेकॉर्डिंग कसे करायचे ते शिकवले जाते. सत्र सुरू होते, प्राध्यापक पन्नास-पन्नास मिनिटांची व्याख्याने चित्रित करून मुलांना पाठवतात आणि तिसऱ्या आठवड्यात वर्गात नेमके काय करायचे ते न उमगल्यामुळे पुन्हा खडू हाती घेतात. याला प्राध्यापकांचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांना मदत मिळाली ती चुकीच्या टोकाकडून.

घरी एकट्याने ऐकून-वाचून जे समजते ते आधी घरी करायचे आणि जिथे डोके अडते ते वर्गात, शिक्षक हाताशी असताना करायचे, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये भौतिकशास्त्राच्या तासाला व्याख्यान थांबवून प्रश्न टाकायला आणि मुलांना एकमेकांना पटवून द्यायला लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यात व्हिडिओची गरजच नव्हती. वाचन आधी करून येणे पुरेसे होते. व्हिडिओची जोड मिळाली ती २००७ च्या सुमारास, कोलोरॅडोतील वुडलँड पार्कच्या शाळेत. जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक तास बुडालेल्या मुलांसाठी आपली व्याख्याने रेकॉर्ड करू लागले, आणि मग वर्गातला वेळ दुसऱ्या कामाला मोकळा होतो हे त्यांच्या लक्षात आले.

आधी वर्गातला प्रश्न, मग व्हिडिओ, हा क्रम महत्त्वाचा आहे. ब्रिघम यंग विद्यापीठातील जीवशास्त्राच्या वर्गांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन तुकड्यांना तेच साहित्य आणि त्याच कृती दिल्या होत्या. एका तुकडीत नवा भाग घरी शिकायचा आणि वर्गात वापरायचा, दुसरीत नेमके उलट. दोन्ही तुकड्यांच्या निकालात फरक पडला नाही, कारण दोन्हीकडे मुले स्वतः डोके चालवत होती. दुसरीकडे, २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर मुलांना कृतीत ओढणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले की मदतीचा पैसा आणि वेळ कुठे लावायचा ते स्पष्ट होते. तो वर्गातल्या पन्नास मिनिटांसाठी लागणाऱ्या प्रश्नांवर लावायचा.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्राध्यापकाने अख्खा पेपर उलटवू नये. एक घटक निवडावा, सहा ते आठ तासांचा, आणि तोही असा की ज्यावरच्या प्रश्नांत मुले दरवर्षी गुण घालवतात. त्याहून सोपा प्रवेश हवा असेल तर प्रात्यक्षिकापासून सुरुवात करावी. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची नळी) कशी धुवायची, वाचन घेताना डोळा द्रवाच्या वक्र पृष्ठाच्या तळाशी समपातळीत का हवा, अंत्यबिंदूजवळ, म्हणजे अभिक्रिया पूर्ण व्हायला आली की, थेंब थेंब कसा सोडायचा, हे सगळे प्रयोगशाळेत तोंडी सांगण्यात सुरुवातीची मिनिटे जातात आणि मागे उभ्या असलेल्यांना दिसतही नाही. हेच पाच मिनिटांच्या चित्रीकरणात जवळून दाखवले आणि आत येताना तीन प्रश्नांची चिठ्ठी सोडवून घेतली की वाचलेला वेळ त्रुटींच्या चर्चेला मिळतो. इथे वेळापत्रक, बाके, गुण यांतले काहीच बदलावे लागत नाही.

वर्गासाठी तयारी करताना आधी वर्गातला प्रश्न लिहावा, मग त्यासाठी मुलांना काय माहीत असायला हवे ते ठरवावे, आणि सर्वांत शेवटी व्हिडिओकडे वळावे. बफर द्रावणाचे, म्हणजे थोडे आम्ल टाकले तरी ज्याचा पीएच फारसा बदलत नाही अशा द्रावणाचे, उदाहरण घेऊ. नेहमीच्या तासाला सूत्र सिद्ध होते, दोन उदाहरणे फळ्यावर सुटतात, मुले उतरवून घेतात. उलट्या वर्गात सूत्र आणि एक सोडवलेले उदाहरण घरी जाते. वर्गात चौघांच्या गटापुढे एकच कागद ठेवायचा : एक लिटर द्रावणात ०.१ मोल ॲसिटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट आहे, पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा) ४.७६, आकारमान बदलत नाही असे धरा. पीएच किती? ४.७६, हे मिनिटभरात होते. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर? ॲसिटेट ०.०९ उरते, ॲसिटिक आम्ल ०.११ होते, पीएच ४.६७. तेवढेच आम्ल लिटरभर शुद्ध पाण्यात टाकले असते तर पीएच थेट २ वर आला असता, ही तुलना मुलांकडूनच काढून घ्यायची. खरा प्रश्न तिसरा : मूळ द्रावणात ०.१५ मोल आम्ल टाका. सवयीने सूत्रात आकडे घातले की ॲसिटेट उणे ०.०५ येते आणि कॅल्क्युलेटर ऋण संख्येचा लॉग काढत नाही. गट इथे थबकतो, आणि याच जागी सगळा तास कारणी लागतो. ॲसिटेट उणे कसे असेल, ते तर संपले, मग ०.०५ मोल आम्ल मोकळे राहिले. म्हणजे पीएच १.३, आणि द्रावण आता बफर राहिलेच नाही. बफरची क्षमता मर्यादित असते हे वाक्य व्याख्यानात मुले उतरवून घेतात. इथे ते त्यांना स्वतः म्हणावे लागते.

असा कागद तयार करताना दोन चुका होतात. एक, प्रश्नाचे इतके बारीक तुकडे करायचे की प्रत्येक पायरीला रिकामी जागा भरण्यापलीकडे काही उरत नाही. गटातला एक जण भरतो, तिघे बघतात. दुसरी, प्रश्न इतका अवघड ठेवायचा की पहिल्या पाच मिनिटांत कोणालाच धागा सापडत नाही आणि वर्ग गप्पांकडे वळतो. प्रत्येक अवघड जागेसाठी शिक्षकाने दोन इशारे आधीच लिहून ठेवावेत. वरच्या उदाहरणात पहिला इशारा : ‘अभिक्रियेआधी आणि नंतर कशाचे किती मोल आहेत, तक्ता करा.’ दुसरा : ‘कोणता पदार्थ आधी संपतो?’ उत्तर मात्र कोणत्याही गटाला परस्पर सांगायचे नाही.

मोठ्या वर्गात मतदानाचे प्रश्न जास्त उपयोगी पडतात. एका बॅटरीला दोन सारखे दिवे समांतर जोडले आहेत, बॅटरीचा अंतर्गत रोध नगण्य आहे. एक दिवा काढून टाकला तर दुसऱ्याचा प्रकाश वाढेल, कमी होईल, तेवढाच राहील की दिवा विझेल? बरोबर उत्तर ‘तेवढाच राहील’, कारण दुसऱ्या दिव्याला मिळणारे विभवांतर (व्होल्टेज) बदलत नाही. ‘वाढेल’ म्हणणाऱ्यांच्या मनात बॅटरी ठरावीक प्रवाह देते आणि तो दिव्यांत वाटला जातो, असे चित्र असते. चांगल्या प्रश्नाची खूण हीच : प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज उभा असतो. केवळ चार आकडे दिले, तर कोण कशामुळे चुकले ते कळत नाही.

पद्धत अशी. प्रश्न दाखवून दीड मिनिट पूर्ण शांतता. मग सर्वांनी एकाच वेळी मत द्यायचे. अ, ब, क, ड अशी चार रंगांची पुठ्ठ्याची कार्डे पुरतात, ती छातीशी धरायची म्हणजे मागच्याला दिसत नाहीत. मोजणी नेमकी हवी असेल तर ‘प्लिकर्स’सारखी छापील कार्डे शिक्षकाच्या एका मोबाइलने वाचता येतात, मुलांकडे मोबाइल असण्याची गरज नाही. साधारण ३५ ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर तीन मिनिटे चर्चा द्यावी : ज्याचे उत्तर वेगळे आहे अशा शेजाऱ्याला पटवा. मग पुन्हा मत, आणि शेवटी दोन-तीन मिनिटे स्पष्टीकरण. ३५ टक्क्यांहून कमी असतील तर चर्चेला आधार नसतो. आधी थोडे समजावून पुन्हा मत घ्यावे. ७० च्या वर असतील तर एका वाक्यात कारण सांगून पुढे जावे. पहिल्या मतदानाचा निकाल चर्चेआधी पडद्यावर दाखवू नये. दाखवला तर मुले विचार सोडून आलेखातल्या उंच खांबाकडे, म्हणजे जास्त मतांच्या उत्तराकडे, सरकतात आणि दुसऱ्या मतदानाचा आकडा फसवा येतो. स्पष्टीकरणात चुकीचे पर्याय का चुकले तेही सांगावे, हे घाईत नेमके राहून जाते.

‘ज्याला स्वतःला येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार’ ही शंका ज्येष्ठ प्राध्यापक हमखास घेतात आणि ती रास्त आहे. जनुकशास्त्राच्या वर्गात केलेला एक अभ्यास २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवर वेगळा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, तेव्हा ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते तिथेही सुधारणा दिसली. म्हणजे हुशार मुलाची नक्कल एवढ्यावरच ही पद्धत चालत नाही.

मतदानाच्या एका प्रश्नाला आठ ते दहा मिनिटे जातात. पन्नास मिनिटांत दोन मतदानाचे प्रश्न आणि एक गटाचा कागद, एवढेच बसते. पहिली पाच मिनिटे आदल्या रात्रीच्या शंकांना आणि शेवटची तीन ‘आज अजून काय धूसर आहे’ ही ओळ लिहून घ्यायला ठेवावीत. सुरुवातीला प्राध्यापक पाच-सहा प्रश्न घेऊन येतात, निम्मे राहतात, आणि पद्धतच फसली असे वाटू लागते.

आता घरच्या कामाचे. व्हिडिओ सहा मिनिटांचे ठेवावेत. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदींच्या २०१४ च्या विश्लेषणात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलांचा लक्ष देऊन पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या आतच आढळला. सहा मिनिटांत संथपणे बोलायचे तर सहा-सातशे शब्दच मावतात, म्हणून आधी लिहून काढावे. मोबाइल कागदावर सरळ खाली रोखून जाड काळ्या पेनाने लिहीत बोलणे पुरते. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर. चित्र खराब असण्यापेक्षा आवाज खराब असला की मुले लवकर सोडून देतात. सेकंदाला ५०० किलोबिटच्या दराने सहा मिनिटांची फाइल सुमारे २२ एमबी होते. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांच्यासाठी ६४ किलोबिटचा नुसता आवाज, सुमारे ३ एमबी, आणि सोबत टिपणाची पाने द्यावीत. बोललेला मजकूर लेखी द्यावा म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांचीही सोय होते. कोणी केलेला चांगला व्हिडिओ उपलब्ध असेल तर तो वापरण्यात कमीपणा नाही, आणि पाठ्यपुस्तकाची चार पाने नीट प्रश्नांसह दिली तरी काम भागते.

घरच्या कामासोबत तीन प्रश्न हवेत : दोन संकल्पनेचे, तिसरा ‘कुठे अडले?’ उत्तरे आदल्या रात्री दहापर्यंत यावीत. शंभरावर उत्तरे एकेक तपासायची नसतात. अर्ध्या तासात चाळून तीन-चार गठ्ठे करायचे आणि दोन-तीन उत्तरे नाव न घेता वर्गात दाखवायची. आपण लिहिलेले शिक्षक वाचतात हे दिसले की पुढच्या वेळी मुले लिहितात. या कामाला एकूण गुणांच्या पाच ते दहा टक्के वजन द्यावे, प्रामाणिक प्रयत्नासाठी पूर्ण गुण द्यावेत, आणि सत्रातली दोन-तीन सर्वांत कमी गुणांची कामे वगळावीत. बरोबर उत्तरालाच गुण ठेवले तर एकाचे उत्तर सगळ्यांकडे फिरते आणि मुले कुठे अडतात हे शिक्षकाला कळायचे बंद होते.

एका तासामागे घरचे काम २५-३० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये, आणि तेवढाच जुना गृहपाठ कमी करावा. आठवड्याला चार तास असतील तर नुसती पूर्वतयारी दोन तासांपर्यंत जाते. त्यावर आधीचा गृहपाठ तसाच ठेवला तर मुलांच्या डोक्यावर दीड अभ्यासक्रम येतो. त्यांची तक्रार मग आळसाची म्हणून झटकली जाते, आणि ते चूक आहे.

मुले न पाहता आली तर? या क्षणी शिक्षक कसे वागतात त्यावर पुढचे सत्र ठरते. काकुळतीला येऊन त्यांनी सगळा व्हिडिओ फळ्यावर पुन्हा शिकवला, तर ज्यांनी पाहिला त्यांची शिक्षा होते आणि पुढच्या आठवड्यात तेही पाहत नाहीत. दोन मिनिटांचा सारांश, लगेच पहिला प्रश्न. तयारी न केलेल्यांना पहिली काही मिनिटे मागच्या बाकांवर टिपण वाचू द्यावे आणि मग गटात घ्यावे. मात्र बहुतेकांनी पाहिलेच नसेल तर कारण शोधावे : व्हिडिओ लांब होता का, आदल्या दिवशी दुसऱ्या विषयाची चाचणी होती का, दुवा उघडत नव्हता का.

बाके पक्की असली तरी अडत नाही. भरलेल्या ओळींपैकी एकाआड एक ओळीतल्यांनी मागे वळायचे, दोन पुढचे आणि दोन मागचे मिळून चौघांचा गट होतो. शिक्षकाला आत शिरता यावे म्हणून जागा असेल तिथे भरलेल्या दर दोन ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवावी. शंभर मुलांचे पंचवीस गट होतात. प्रत्येकापाशी दोन मिनिटे धरली तरी वीस मिनिटांत दहाच गट होतात. म्हणून वरच्या वर्गातली दोन मुले मदतीला घ्यावीत आणि त्यांच्याकडून तो कागद आधी सोडवून घ्यावा. उत्तर न देता इशारा कसा द्यायचा याचा त्यांना तासभर सराव हवा. तो नसला तर ती गटात बसून उदाहरण सोडवून देतात.

पोर्शन पूर्ण होणार नाही, ही भीती खरी आहे. त्यासाठी अभ्यासक्रमातल्या प्रत्येक उपघटकापुढे आधीच खूण करावी : घरी वाचून भागेल, वर्गात हवा, की दोन्हीकडे हवा. व्याख्या, चिन्हे, वर्गीकरणाचे तक्ते पहिल्या रकान्यात जातात आणि तिथून वर्गात आणायचे नाहीत. परीक्षेत मात्र वर्गातल्या कागदासारखे प्रश्न असायलाच हवेत. अंतर्गत चाचणीत व्याख्याच विचारल्या तर मुले व्याख्याच पाठ करतील आणि गटात बसून वाद घालण्यात त्यांना रस उरणार नाही.

फरक पडला की नाही हे मोजायला घटकाच्या आधी आणि नंतर एकच संकल्पना-चाचणी घ्यावी. बल आणि गतीसाठी ३० प्रश्नांची ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ प्रचलित आहे. वाढ मोजताना किती वाढणे शक्य होते त्याच्याशी तिची तुलना करावी : ४० टक्क्यांवरून ६४ वर गेले, तर ६० पैकी २४, म्हणजे ०.४. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आकडे मांडले तेव्हा पारंपरिक वर्गांची ही सरासरी ०.२३ होती, मुलांना सहभागी करणाऱ्या वर्गांची ०.४८.

मुलांच्या अभिप्रायाला मात्र जपून वापरावे. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात कृतियुक्त वर्गातली मुले जास्त शिकली होती, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे समजल्याचा भास होतो, स्वतः धडपडताना आपले अज्ञान टोचते. हे मुलांना पहिल्याच तासाला दहा मिनिटे देऊन सांगावे आणि पहिल्या चाचणीनंतर पुन्हा सांगावे. प्राचार्यांनीही पहिल्या सत्राचा अभिप्राय त्या प्राध्यापकाच्या मूल्यमापनात धरू नये. तो धरला जाणार असेल, तर कोणीही शहाणा माणूस खडूकडेच परतेल.

अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नव्या पद्धती वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी त्या सोडून दिल्या होत्या. कार्यशाळा संपली की माणूस एकटा पडतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत चालवलेल्या उपक्रमात विषय जाणणारे आणि अध्यापनशास्त्र शिकलेले तज्ज्ञ थेट विभागातच बसवले होते. तेवढी सोय सगळीकडे होणार नाही. पण एकच पेपर शिकवणारे दोघे मिळून सुरुवात करू शकतात : एकाने चार घटकांचे कागद करायचे, दुसऱ्याने उरलेल्यांचे. दर पंधरवड्याला एकमेकांच्या तासाला बसून दर दोन मिनिटांनी फक्त एवढी नोंद करायची की शिक्षक काय करत आहेत आणि मुले काय करत आहेत. ‘कोपस’ नावाची निरीक्षण-पद्धत हेच करते. तिच्यात चांगले-वाईट असा शेरा नसल्यामुळे सहकारी मागे बसला तरी संकोच वाटत नाही. पन्नासपैकी पस्तीस मिनिटे आपणच बोललो हे कागदावर दिसले की वेगळे सांगावे लागत नाही.

प्रत्येक तासानंतर कोणत्या प्रश्नाला पहिल्या आणि दुसऱ्या मतदानात किती टक्के पडले, कोणता इशारा कामी आला, हे त्याच दिवशी प्रश्नाखाली लिहून ठेवावे. दुसऱ्या वर्षी तयारीचा वेळ वाचतो तो मुख्यतः या नोंदींमुळे, आणि प्राध्यापक बदलला तरी त्या विभागाकडे राहतात.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक लावणाऱ्या विभागप्रमुखांना आमची विनंती आहे. जे दोघे हे करायला तयार असतील त्यांना एका सत्रापुरता एक पेपर कमी द्यावा, आणि आठवड्यातला एक तास दोघांचाही एकाच वेळी मोकळा ठेवावा. त्या तासाला कोणतीही बैठक लावू नये.

आपले,
विज्ञान विषयांचे काही प्राध्यापक